चार ओळी मी नंतर घातल्या

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. रमीलाबेन, तुम्हाला वेगळा नमस्कार करते, कारण मुलगा तुमचा गेला आहे.

हा माईक जरा खाली करून द्या कोणीतरी. मी उंच नाही.

मी आजवर कुठल्याच सभेत बोललेली नाही. नऊ वर्षांपूर्वी माझे मिस्टर गेले, तेव्हाही शोकसभा झाली होती. मी मागे भिंतीशी बसून होते आणि चार पुरुष त्यांच्याबद्दल बोलले. त्यांतल्या एकाला त्यांचं नावही नीट आठवेना. तेव्हा मनात आलं होतं की ज्याला माहीत आहे त्याने बोलावं. आज मला एक गोष्ट माहीत आहे. या हॉलमध्ये बसलेल्या दुसऱ्या कोणाला ती माहीत नाही. बाहेर एका मुलीला माहीत आहे, आणि तिलाच तासाभरापूर्वी आपण या दारातून परत पाठवलं.

मी मराठीतच बोलणार आहे. विपुलशी मी मराठीत बोलायचे, तो गुजरातीत उत्तर द्यायचा. चार वर्षांत आमचं काही अडलं नाही. आज तुमचंही अडणार नाही.

तुम्ही सगळे म्हणता की विपुलला मारणाऱ्यांना त्याची जागा अमीने दाखवली. तेरा दिवस हेच ऐकते आहे. दुखवट्याचं बेसणं झालं तेव्हाही लोक हेच कुजबुजत होते. मी ऐकत होते आणि गप्प होते. अमीने दाखवली नाही. कोणी दाखवली ते सांगायला मी उभी आहे. ते सांगून झाल्याशिवाय मला कोणी खाली बसवू नका, कारण एकदा बसले तर परत उठायचा धीर होणार नाही.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. समोरच्या फुटपाथवर झेरॉक्सचं दुकान आहे, ते माझं. आधी मिस्टरांचं होतं. मी शाळा सातवीपर्यंत शिकले. पुढचं सगळं त्या मशीनच्या काचेवर शिकले. मिस्टर म्हणायचे, गिऱ्हाइकाचा कागद वाचू नये, नुसता उलटा ठेवावा. मी वाचायचे. कोर्टाची प्रतिज्ञापत्रं वाचली, घटस्फोटाचे अर्ज वाचले, पोरांचे प्रबंध वाचले, इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचली. कोणी एखाद्या पुस्तकाची शंभरच पानं काढून न्यायचा. मग पुढे काय झालं म्हणून मी ग्रंथालयात जाऊन उरलेलं पुस्तक काढायचे. अशी मी वाचायला लागले.

विपुल पहिल्यांदा दुकानात आला तो एक पोस्टर घेऊन. घराचं चित्र होतं, दारावर कुलपाच्या जागी माणसाचं तोंड. खाली लिहिलं होतं, ‘मकान भाडे आपवानुं छे. पहेलां आखुं नाम बोलो.’ घर भाड्याने द्यायचं आहे, आधी पूर्ण नाव सांगा. मी ते वाचलं आणि मशीनवर ठेवलं. तो बघत राहिला. म्हणाला, काकी, तुम्ही वाचलंत ना? मी म्हटलं, वाचायला मनाई आहे का? तो म्हणाला, मनाई नाही, पण आधीच्या दोन दुकानदारांनी वाचल्यावर कागद परत दिला.

ते चित्र अमीने काढलं होतं. ती चित्रकला शिकते. गोत्रीला, त्या सोसायट्यांच्या भागात राहते. तिचे वडील त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. तुमच्या संशयाचं सगळं मूळ तेवढंच आहे.

विपुल काय करायचा ते इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, निम्म्यांना नाही. लग्नाच्या बँडमध्ये तो साइड ड्रम वाजवायचा. लाल कोट, सोनेरी फीत, डोक्यावर तुरा. आणि लग्न नसेल त्या दिवशी त्याच ड्रमवर स्वतःची गाणी म्हणायचा. ती गाणी कुठे छापली नाहीत, कुठल्या मंचावर झाली नाहीत. बँडचे मास्तर गफूरचाचा, त्यांच्या गोदामात ती व्हायची, घडियाळी पोळेच्या मागल्या गल्लीत. बँडच्या गोदामातून ढोल वाजला तर कोण विचारणार? त्या जागेची मोठी सोय हीच होती. पोरं यायची, तालावर बोलायची, चित्रं काढायची, भांडायची. मोर्चा कुठे काढायचा, पोस्टर कुठे लावायचं, हे तिथेच ठरायचं.

मी त्यांच्यात कशी गेले? त्यांना एकमेकांच्या मुलाखती लिहून काढायच्या होत्या. विपुल अमीला विचारायचा, अमी विपुलला, आणि पाच मिनिटांत दोघं एकमेकांच्या अंगावर जायचे. शेवटी विपुल म्हणाला, “काकी, तमे पूछो. तुमच्यावर ओरडता येत नाही.”

मग मी विचारू लागले. मी शिकलेली बाई नाही, मला एकच प्रश्न यायचा. समोर बसेल त्याला विचारायचं, तू कोण? बस. तासतासभर पोरं त्यावर बोलायची. कारखान्याच्या गेटवर गाणारा एक मुलगा चिडूनच उठला, म्हणाला, हे मला रोज विचारतात, तुम्हीपण? भिंतींवर चित्रं काढणारी एक बाई म्हणाली, हे आधी कोणी विचारलं नव्हतं. अमीने काय उत्तर दिलं सांगू? ती म्हणाली, “सेक्रेटरीची मुलगी. काकी, हे पहिल्या ओळीत लिहा. मी नाही सांगितलं तर दुसरं कोणी सांगेल.” सगळे हसले. विपुल म्हणाला, बघा, घरून ठराव पास करून आलीय.

आणि विपुल. त्याचं उत्तर मी तोंडपाठ सांगते. तो म्हणाला, काकी, गोत्रीतल्या झाडून सगळ्या सोसायट्यांच्या गेटमधून मी आत गेलो आहे, नवरदेवाच्याही आधी. बँड पुढे असतो ना. लोक माझ्यापुढे नाचतात, माझ्या डोक्यावरून नोटा ओवाळतात. मग आईला दमा, घरात ओल, म्हणून त्याच सोसायटीत खोली बघायला गेलो. कोट नव्हता अंगावर. वॉचमनने गेटवरच विचारलं, आखुं नाम बोलो. मी बोललो. तो म्हणाला, खोली गेली. मी म्हटलं, कधी गेली? तो म्हणाला, आत्ताच.

त्यावर त्याने गाणं केलं. ‘तारी जानमां हुं आगळ, तारा दरवाजे हुं बहार.’ तुझ्या वरातीत मी पुढे, तुझ्या दाराशी मी बाहेर. त्यात शिव्या होत्या. मी लिहिताना शिवीच्या जागी टिंबं दिली. वाचून दाखवलं तर तो भडकला. म्हणाला, तुम्ही शिवी गाळली की मी सभ्य दिसतो. मी सभ्य नाहीये काकी, मला राग आलाय. मग लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा शिवी लिहिली, आणि सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. तो वाकून बघत होता. म्हणाला, अक्षर छान आहे तुमचं. इतकी सुंदर शिवी मी बघितली नव्हती.

हसा. तो असता तर हसलाच असता.

आता आमची लिहायची रीत सांगते, कारण सगळं त्या रीतीपाशी येतं. आम्ही आवाज रेकॉर्ड करत नव्हतो. आवाज पकडला जातो. मी हाताने लिहायचे. एका कागदाची आठ पानांची चोपडी व्हायची, चाळीस प्रती निघायच्या. अमी घडी घालायची, काप द्यायची, आणि मग प्रती चहाच्या टपऱ्यांवर, कॉलेजच्या कट्ट्यावर, ग्रंथालयाच्या बाकावर ठेवून यायची. नियम होते. कोणाचं पूर्ण नाव नाही. जागेचं नाव नाही. लिहून झालं की ज्याचं बोलणं त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि तो म्हणेल ते तिथल्या तिथे खोडायचं. आणि वाचून दाखवल्यावर एक अक्षरही घालायचं नाही. हा शेवटचा नियम विपुलचा. तो म्हणायचा, वाचून दाखवलेलं आपल्या दोघांचं असतं. नंतर घातलेलं तुमचं एकटीचं.

विपुलची स्वतःची मुलाखत सगळ्या पोरांच्या शेवटी झाली. गोदामाच्या दारात बसून. मी वाचून दाखवलं. त्याने दोन वाक्यं खोडायला लावली, मी खोडली. मग दुकानात येऊन सुवाच्य अक्षरात कागद तयार केला. खोडलेल्या दोन वाक्यांमुळे आठव्या पानावर जागा उरली. चार ओळींची.

झेरॉक्सवालीला कोरी जागा बघवत नाही. कागद वाया गेल्यासारखा वाटतो. पण खरं कारण ते नव्हतं. खोटं कशाला बोलू? मला लिहायचं होतं. चार वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं लिहीत होते. इतकी पुस्तकं वाचली होती, त्यांत संध्याकाळ असते, ऊन असतं, कशावर तरी सावली पडलेली असते. मला वाटलं, माझ्या चार ओळी असाव्यात. आणि मी लिहिलं.

तुम्हाला म्हणून दाखवते. ‘हे बोलणं झालं तिथे दाराशी लग्नाची चंदेरी बग्गी उभी होती. तिच्या दोन मोरांपैकी एकाला डोकं नाही. बोलता बोलता त्याने त्या मोराच्या मानेवर ताल धरला होता. तुटलेल्या मानेवर संध्याकाळचं ऊन आलं होतं.’

झालं. एवढंच.

बडोद्यात डोकं नसलेल्या मोराची बग्गी किती बँडवाल्यांकडे आहे? एकाकडे. गफूरचाचांकडे. अर्धं गाव तिच्यापुढे नाचलेलं आहे.

महेश, बस. विपुलचा भाऊ आहे तो, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. बस रे, माझं संपलं नाही. तुला मला जे बोलायचं असेल ते बोल, पण आधी पूर्ण ऐक.

आता त्या दिवसाचं. कमुरतां चालू होती, म्हणजे लग्नं बंद. बँड रिकामा. दुपारचे चार वाजले असतील. गोदामात आम्ही चौघं होतो. विपुल, महेश, गफूरचाचा आणि मी. मी चाचांची मुलाखत घ्यायला गेले होते. त्यांना विचारलं, तुम्ही कोण? ते क्लॅरिनेट पुसत होते, म्हणाले, पत्तीवाला आदमी. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांबूची पत्ती असते, तिच्यातून सूर निघतो ना, तिच्यावरून. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं.

नऊ जण आले. मी मोजले. शटर आतून अर्धं खाली ओढलं. हातांत पाईप होते, दोघांकडे स्टंप होते. आरडाओरडा काही नाही. ते घाईत नव्हते, याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांतल्या एकाने मला बघितलं आणि खुर्ची आणली. फडक्याने पुसली. म्हणाला, “बा, तमे बेसो.” आणि मी बसले.

मी बसले, रमीलाबेन.

मग एकेकाला म्हणाले, आखुं नाम बोल. पोस्टरवरचे तेच शब्द. चाचांनी सांगितलं. त्यांच्या हातातली क्लॅरिनेट घेतली आणि तिनेच त्यांना मारायला लागले. तोंडावर. तिचे दोन तुकडे होईपर्यंत. चाचा पडले ते उठले नाहीत. आज ते इथे बसलेत, जबडा बांधलेला आहे, बोलता येत नाही. महेश धावला, तर त्याला तिघांनी पाडलं आणि डोकं बग्गीच्या खाली, चाकाच्या मागे दाबून धरलं. पाठीवर एक जण उभा राहिला. महेश, म्हणून तुला पुढचं दिसलं नाही आणि ऐकूही आलं नाही. तू ओरडत होतास.

मला ऐकू आलं.

एकाने खिशातून चोपडी काढली. आमची चोपडी. आठवं पान उघडलं. माझ्या चार ओळींखाली निळ्या पेनाने रेघ मारलेली होती. त्याने त्या मोठ्याने वाचल्या. चांगल्या वाचल्या. मराठी होता तो, न अडखळता वाचलं. मग बग्गीकडे गेला, मोराच्या तुटक्या मानेवर बोटांनी ताल धरला आणि विपुलला विचारलं, असाच ना?

विपुलने माझ्याकडे बघितलं. त्याला त्या ओळी माहीत नव्हत्या. चोपडी निघून तीन दिवस झाले होते, त्याच्यापर्यंत प्रत पोहोचली नव्हती. का नव्हती ते सांगते. पण त्या क्षणाला त्याला कळलं की त्या माझ्या आहेत. माझं अक्षर त्याच्या ओळखीचं होतं, आणि माझी हौसही त्याच्या ओळखीची होती. 

त्याला नाव विचारलं. त्याने पूर्ण सांगितलं, आडनावासकट. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा उजवा हात ड्रमच्या कडेवर ठेवला आणि पाईप घातला. मग डावा. हाड मोडल्याचा आवाज ड्रममधून येतो, घुमतो. ते मला कळायला नको होतं, पण कळलं. मग म्हणाले, आता वाजव. त्याने तिसऱ्यांदा नाव सांगितलं. त्यानंतरचे घाव डोक्यावर होते. ते मी मोजले नाहीत.

जाताना त्या माणसाने चोपडी घडी करून खिशात ठेवली. मला म्हणाला, बा, घरे जाओ. रिक्षा बोलवू का, असंही विचारलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यात चार दिवस. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

आता अमीचं. ती त्या दिवशी गोदामात का नव्हती? तुम्ही म्हणता, तिला माहीत होतं म्हणून. बरोबर. तिला माहीत होतं.

चोपडीची घडी घालताना तिने आठवं पान वाचलं होतं. माझ्यासमोर, माझ्या दुकानात. म्हणाली, काकी, हे वाचून दाखवलं होतं का विपुलला? मी म्हटलं, चार ओळी तर आहेत. ती म्हणाली, बग्गी ओळखतील. मी म्हटलं, अगं, आठव्या पानापर्यंत येतंय कोण? तोवर पंधराएक प्रती आधीच्या गठ्ठ्यातून वाटल्या गेल्या होत्या. ती म्हणाली, मी विपुलला सांगते. आणि मी तिला म्हटलं, नको सांगूस. तो मला बोलेल. महिनाभर चिडवेल, काकी लेखिका झाल्या म्हणून.

चिडवलं जाण्याची मला लाज वाटली. या कारणासाठी मी तिचं तोंड बंद केलं. ती माझ्या शब्दाबाहेर गेली नाही. उरलेल्या प्रती तिने वाटल्या नाहीत, विपुललाही दिली नाही, आणि गेलेल्या गोळा करायला निघाली. तीन दिवस टपऱ्या पालथ्या घालत होती. त्या दुपारी चार वाजता ती कॉलेजच्या कट्ट्यावर बाकांखाली वाकून चोपडी शोधत होती. संध्याकाळी दहा प्रती घेऊन माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, काकी, पाचच राहिल्या. तेव्हा माझ्या साडीवर रक्त होतं.

मग महेशने हिशोब मांडला. जागा आणि त्या दुपारची वेळ, दोन्ही कोणाला माहीत होतं? पाच जणांना. त्या दिवशी कोण नव्हतं? अमी. गोत्रीचं कोण? अमी. तिला सगळ्यांनी घेरून विचारलं, तुझ्या बापाला सांगितलंस का? मी तिथेच उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, आता ती सांगेल. तिने सांगितलं नाही. एक मुलगा तिच्या तोंडावर थुंकला, तरी सांगितलं नाही. आणि मी तेरा दिवस तिला तसं राहू दिलं. पोलिसांत जबाब दिला, त्यात नऊ माणसं सांगितली, पाईप सांगितले, खुर्ची सांगितली. चोपडी सांगितली नाही. उद्या सकाळी मी तो जबाब बदलायला जाणार आहे. ज्या माणसाने वाचलं, त्याचा चेहरा मी ओळखते. तो मराठी होता हेही तिथे सांगणार आहे, कारण आम्हा मराठी लोकांतल्या काही जणांना वाटतं की हे सगळं दुसरेच करतात.

आज सकाळी मी तिला विचारलं, तू का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “काकी, माझ्यावर शंका घ्यायची लोकांना सवय आहे. तुमच्यावर घेतली असती तर तुम्हाला कोणी सावलीलाही उभं केलं नसतं. तुम्हाला जायला दुसरी जागा नाही.” बावीस वर्षांची आहे ती. वडिलांनी घरातून काढलंय, पोस्टर तिनेच काढलं हे पेपरात आलं म्हणून. हेही तुमच्यातल्या कोणाला माहीत नसेल. सहा दिवस ती माझ्याकडे झोपते आहे, आणि सहा दिवस मी तिच्या ताटात वाढते आणि दुसरीकडे बघते.

मला माहीत आहे, तुमच्यातलं कोणीतरी आता उठून म्हणेल, काकी, मारणारे ते आहेत, तुमचा दोष नाही. तसं म्हणू नका. मारणारे तेच आहेत, त्यांना शिक्षा झाली पाहिजे, त्यासाठी मला जिथे उभं करतील तिथे मी उभी राहीन. पण पत्ता माझ्या अक्षरात होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झाकू नका. मी तेच करत होते.

आणि कोणी असंही म्हणू नका की आता चोपडी बंद करा. मी लिहिणार नाही, तो हक्क माझा गेला. पण ज्याला लिहायचं असेल त्याला माझं मशीन उघडं आहे. नियम तेच. विपुलने केलेले.

रमीलाबेन, तुमच्यापाशी मी माफी मागत नाही. ती द्यायची की नाही या विचारात तुम्हाला पाडणं म्हणजे आणखी एक ओझं. माझं मागणं एकच आहे. अमीला आत घ्या. ती चार वर्षं विपुलची मैत्रीण होती. तिने त्याला वाचवायला गाव धुंडाळलं. तिला या दारातून परत पाठवून आपण इथे डोळे मिटून उभं राहिलो, तर त्या मौनाला काय अर्थ? आपणही दारावर नावच विचारलं ना? कोणाची मुलगी, कुठल्या सोसायटीतली. विपुलच्या शोकसभेच्या दारात हे झालं. मला ते सहन होत नाही, आणि त्याला झालं नसतं. तो शिवी देऊन मोकळा झाला असता.

ती माझ्या दुकानात बसली आहे. मी तिला सांगितलं होतं, मी बोलणार आहे. ती म्हणाली, नका बोलू.

महेश, तू उठू नकोस. तुला जायचं नाही. आत्ता तू तिच्यासमोर गेलास तर ती घाबरेल.

रमीलाबेन, तुम्ही कुठे निघालात? त्यांना वाट द्या जरा. चप्पल राहू दे, रस्ता साफ आहे. धरा, कोणीतरी हात धरा त्यांचा. नको? बरं, नको.

एकट्याच जा. समोरच आहे. शटर अर्धं आहे, वाकावं लागेल.

बाकीच्यांनी उभे राहा. किती मिनिटं ते मी सांगणार नाही. त्या दोघी आत येईपर्यंत कोणी बोलू नका.